आंदणाच्या यादीतली पाचवी ओळ

बाबा,

या देशात येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे, आणि ती मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकली. इथे गुलामीचा विषय निघाला की ती बंद कोणी केली तेवढंच सांगतात. चालू कोणी ठेवली, किती पिढ्या ठेवली, त्यातून कोणाच्या दाराला दगडी खांब आले, हे विचारलं की खोलीत एकदम हवामानाच्या गप्पा सुरू होतात. मी बारा वर्षांची होते, साउथहॅम्प्टनला येऊन तीनच वर्षं झाली होती, आणि शाळेसाठी अशाच एका भल्या इंग्रज गृहस्थाचं पोस्टर रंगवत होते. तुम्ही हॉस्पिटलमधून आलात, भिजलेला कोट दाराशी टांगलात आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर वाकून म्हणालात, "वा! चोराने चोरी थांबवली म्हणून त्याचा सत्कार. आणि ज्याचं घर लुटलं तो कुठंय या चित्रात?" तो होता चित्रात. खाली कोपऱ्यात, साखळदंडात, गुडघ्यांवर, हात जोडून. तुम्ही बोट ठेवलंत. "याला उभा कर." मी उभा केला. जागा नव्हती, त्यामुळे त्याचं डोकं त्या गृहस्थाच्या टोपीच्याही वर गेलं. बाईंनी बरे मार्क दिले नाहीत. तुम्ही ते पोस्टर फ्रिजच्या दारावर लावलंत आणि ते तिथे वर्षभर राहिलं. दूध काढायचं तरी त्या उंच माणसाला बाजूला सारून काढायचं.

माझी सगळी भाषणं त्या फ्रिजच्या दारातून निघाली आहेत. स्लाऊच्या गोदामांच्या गेटवर, टाउन हॉलमध्ये, संपाच्या सकाळी हातमोजे घालून माइक धरताना, मी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत आले: खाली बसवलेल्याला उभा करा. तुम्ही माझी चेष्टा करायचात. मी घरी आले की दार उघडताना म्हणायचात, "या, पुढारीणबाई. आज कोणतं सरकार पाडलंत?" आई आतून ओरडायची, "आधी चप्पल काढ म्हणावं सरकार पाडून झालं असेल तर." तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. अजूनही दार उघडताना मला कोणीतरी ते विचारावं असं वाटतं. आता दार मी माझ्या किल्लीनेच उघडते.

हे पत्र आज लिहायला बसले कारण माझ्या चुलत दादाचा पुण्याहून निरोप आला आहे. आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती सोमवारी छापायला जाते. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या बाळांपर्यंत सगळी नावं, कोण कुठे गेलं, कोणी काय केलं. ब्रिटनमधल्या शाखेचं काम आणि तुम्ही वाचलेले जुने कागद तपासण्याचं काम त्याने माझ्याकडे दिलं होतं. सगळं झालं आहे. एक ओळ राहिली आहे. ती ओळ कोणती, हे तुम्हाला सांगायला नको.

पण आधी लॅबचा तो शनिवार. आईची लायब्ररीत पाळी होती, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. तुमचं काम कोणाला सांगायचं म्हणजे माझी पंचाईत व्हायची. मैत्रिणींचे डॉक्टर वडील पेशंट तपासायचे. तुम्ही पेशंट कधी पाहायचाच नाहीत, त्यांच्या शरीराचे केसाहून पातळ काप काचेवर ठेवून पाहायचात. दोन माणसांना एकदम बघता येईल असा एक मायक्रोस्कोप होता. तुम्ही पलीकडून, मी अलीकडून. गुलाबी रंगात जांभळे ठिपके, जसं काही एखादं शहर विमानातून दिसावं. तुम्ही रंगीत पेन्सिली दिल्यात आणि म्हणालात, काढ. मी तासभर मन लावून काढलं. तुम्ही चित्र पाहिलंत, हळू मान हलवलीत, मग काचेकडे पाहिलंत, मग पुन्हा चित्राकडे. "इथे कोपऱ्यात एक काळा डाग होता. तो कुठंय?" मी म्हटलं, "तो घाण दिसत होता." तुमचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही, आणि म्हणूनच मला तो अजून लागतो. "घाण दिसणं हे तुझं मत झालं. डाग आहे, ही बातमी आहे. आधी बातमी लिहायची. मत वेगळ्या कागदावर." मी रडले. परतताना बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून तुम्ही मला चिप्स दिलेत आणि त्यातल्या निम्म्या स्वतः खाल्ल्यात. बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, त्या डागाकडे पाहायला मला पगार देतात.

दुसरी आठवण त्याच्या शेजारीच ठेवलेली आहे. मी कॉलेजात होते. जेवताना तुम्ही आईला सांगितलंत की आठवड्यापूर्वीच्या एका काचेत तुमच्याकडून काहीतरी पाहायचं राहिलं होतं. दुसऱ्या कामासाठी ती काच पुन्हा काढली तेव्हा लक्षात आलं. पेशंटला वेळेत परत बोलावलं, सगळं ठीक झालं. तुम्ही स्वतः चार जिने उतरून सर्जनच्या खोलीत गेलात आणि म्हणालात, माझं चुकलं. आई म्हणाली, "अहो, फोन करायचा ना. एवढं सगळ्यांसमोर जाऊन कशाला?" तुम्ही आमटीत चमचा फिरवत म्हणालात, "चूक फोनवर सांगितली की अर्धीच सांगून होते." मग मला समजावून सांगितलंत की अशा वेळी मूळ रिपोर्ट फाडत नाहीत. तो तसाच ठेवायचा आणि त्याच्या खाली पुरवणी जोडायची. आधी काय लिहिलं होतं, आता काय दिसतंय, आणि खाली सही. तीच सही, ज्याने आधी चूक केली त्याची. त्या रात्री तुमच्याबद्दल मला वाटलेला अभिमान मी कुठल्या भाषणात आजवर वापरलेला नाही. तो घरचा आहे.

निवृत्त झाल्यावर तुम्ही मोडी शिकलात. आई म्हणायची, "आयुष्यभर न वाचता येणाऱ्या गोष्टी बघत बसले, आता रिटायर होऊनही तेच." पुण्याहून जुन्या कागदांच्या झेरॉक्स यायच्या, तुम्ही भिंगाखाली एकेक ओळ उलगडायचात आणि सरळ अक्षरांत उतरवून दादाच्या वडिलांना पाठवायचात. त्या रविवारी मी आले तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे खूश होतात. आपल्या त्या विद्वान पूर्वजाच्या, ज्यांच्या नावावर कुलवृत्तांतात पूर्ण दोन पानं आहेत त्यांच्या, लग्नातली आंदणाची यादी सापडली होती. नवरीबरोबर तिच्या माहेरून काय काय आलं ते. तुम्ही मला बसवलंत आणि वाचायला लागलात, जरा कीर्तनकाराच्या थाटात. "हंडा तांब्याचा, एक. परात पितळी, एक. लुगडी, चार. गाय दुभती, वासरासुद्धा. कुणबीण एक, नामे येसी, उमर सुमारे पंचवीस. पाट चंदनी, दोन…" आणि पाटापाशी तुम्ही थांबलात. भिंग एक ओळ वर सरकलं.

मी म्हटलं, "कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको ना?"

"एरवी तेच. पण या कागदांत तसं नाही." तुम्ही चष्मा काढलात. "या कागदांत म्हणजे… घरातली कामाची बाई. दिलेली."

"दिलेली म्हणजे?"

"मुलीबरोबर दिलेली. आंदण."

"म्हणजे स्लेव्ह, बाबा."

"तो शब्द इथे लागू होत नाही."

आई सिंककडे तोंड करून पातेलं घासत होती. ती मागे न वळता म्हणाली, "गाईच्या खालच्या ओळीत आहे ना? मग लागू होतो."

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला भांडण वाटलं असेल. मला ते आयुष्यातलं सर्वांत चांगलं बोलणं वाटतं, कारण तुम्ही माझ्याशी बरोबरीने बोलत होतात. तुम्ही म्हणालात, तिकडचे मळे डोळ्यांसमोर आण. जहाजांच्या पोटात रचलेली माणसं, चाबूक, बाजार. ती अख्खी अर्थव्यवस्था होती. आपल्याकडे घरकाम होतं, सणाला लुगडं मिळत होतं, घरातलीच समजत. मी उभी राहिले. मला बसून बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, बाबा, ज्या समाजाला गुलामांची सवय लागते त्या समाजाचं शरीर त्या सवयीप्रमाणे वाढतं, आणि सगळीकडे वेगळं वाढतं. जमैकासारख्या साखरेच्या बेटांनी सगळी जमीन उसाला दिली आणि खायला खारवलेले मासे बाहेरून आणले. मालक इंग्लंडात राहिले, त्यामुळे पैसाही इथेच राहिला, आणि बेटावर राहिली ती थकलेली माती. अमेरिकेच्या दक्षिणेने भांडवल माणसांमध्ये गुंतवलं, म्हणून तिथे गिरण्या आणि शाळा कमीच उभ्या राहिल्या. गिरण्या उभ्या राहिल्या लँकेशायरात, आणि तिथल्या गरीब विणकरणीला वाटलं की आपला याच्याशी काय संबंध, पण तिच्या मागावरच्या सुताचा कापूस कोणीतरी मार खाऊन वेचलेला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काही राजांना बंदुका हव्या होत्या, त्यासाठी माणसं हवी होती, आणि माणसांसाठी लढाया. मॉरिशसमध्ये गुलामी संपली तर तिच्या जागी आपल्या कोकणातले लोक करार करून नेऊन उभे केले, आणि ऊस पहिल्यासारखाच वाढत राहिला.

"आणि आपण?" तुम्ही विचारलंत. खरंच विचारलंत, टोमणा नव्हता.

"आपण साखर पिकवली नाही. आपण फुरसत पिकवली. जातं दुसऱ्याने ओढायचं, गोठा दुसऱ्याने काढायचा, नदीवरून पाणी दुसऱ्याने आणायचं. तिची जातसुद्धा विचारून घ्यायची, कारण तिच्या हातचं पाणी चालायला हवं. आणि आपण वाचायचं. ज्यांची दोन पानं छापताय, ते वाचत बसले होते तेव्हा पीठ कोण दळत होतं?"

तुम्ही भिंग खाली ठेवलंत. मग म्हणालात, "झालं? टाळ्या वाजवू?" मी हसले नाही, म्हणून तुम्हीही हसला नाहीत. मग अगदी हळू म्हणालात, "हे बघ. हे छापलं की कोणीतरी वाचणार. इथे आपल्यावर बोट ठेवायला टपलेले कमी आहेत का? म्हणतील, बघा, यांच्यातही होतंच की. त्यांच्या शंभर पापांवर आपली एक ओळ ठेवतील आणि सुटतील. माकडाच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?"

"मराठी कुलवृत्तांत कोण इंग्रज वाचणार आहे, बाबा?"

"मीच वाचत नाही," आई म्हणाली. "मी त्यात यांच्या नावापुढे कंसात आहे."

ती मागची आवृत्ती छापून आली तेव्हा मी आधी ते पान काढलं. "आंदणादाखल भांडी, लुगडी, गाय इत्यादी." येसी त्या इत्यादीत गेली होती. पहिल्या पानावर संपादकांनी तुमचे आभार मानले होते, "कागदपत्रांच्या वाचनातील अचूकतेबद्दल." तुम्ही ते मला दाखवलं नाहीत. एरवी दाखवलं असतंत. मीही काही विचारलं नाही, आणि आपण त्या दिवशी लंडनच्या इलिंग रोडवरून कोणती तूरडाळ आणायची यावर खूप वेळ बोललो.

आता माझी गोष्ट. ही मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या कागदानंतर महिन्याभरात ब्रिस्टलमध्ये माझं भाषण होतं. हॉल भरला होता. मी साखर, कापूस, बंदरं सगळं मांडलं, आणि चांगलं मांडलं. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठली. तिचे आईवडील जमैकाचे, हे तिने आधी सांगितलं. डोक्यावर चर्चला घालतात तशी हॅट होती. ती अगदी प्रेमाने म्हणाली, "डिअर, तू आमच्याबद्दल फार छान बोललीस. तुझ्या लोकांत होतं का गं हे? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते." बाबा, तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. तिच्या हातात कोलीत वगैरे काही नव्हतं. तिच्या हातात एक पर्स होती. आणि मी म्हटलं, "आम्ही चाबकाच्या दुसऱ्या टोकाला होतो. तुमच्याबरोबर." टाळ्यांचा कडकडाट झाला. ती बाई टाळ्या वाजवत नव्हती. तिने फक्त मान हलवली, हळू, आणि खाली बसली. तुम्ही माझं ते चित्र पाहून काचेकडे बघण्याआधी जशी हलवली होती तशी. रात्री तुमचा फोन आला. "कसं झालं?" मी म्हटलं, "मस्त." तुम्ही एक ओळ गाळलीत ती घरातल्या घरात. मी ती भरल्या हॉलमध्ये गाळली, आणि वर टाळ्या घेतल्या.

म्हणून मला तुमच्यावर रागावता आलं नाही. लोक समजतात मी कोणावरही रागावू शकते.

गेल्या आठवड्यात दादाशी फोनवर बोलले. मी म्हटलं, ती ओळ घालू या. दादाचा तुमच्यावर किती जीव होता ते तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, "अगं, घालायला माझी ना नाही. पण लोक विचारणार, आधी का नव्हती? मग मी काय लिहू? काकांनी गाळली? काकांचं नाव पहिल्या पानावर आहे, अचूकतेबद्दल. त्यांच्या मागे त्यांच्याच मुलीने…" मग म्हणाला, "असं करतो. 'गाय व एक आश्रित स्त्री' असं घालतो. नाव नको. म्हणजे कोणी दुखावणार नाही."

"कोण दुखावेल, दादा? तिची माणसं?"

"तसं नाही गं."

"मग?"

"रविवारपर्यंत सांग," तो म्हणाला. "सोमवारी पान जातं." आज रविवार आहे.

मी इथे, साउथहॅम्प्टनला शर्लीतल्या आपल्याच घरात, त्याच टेबलावर बसले आहे. आई आता चौऱ्याऐंशीची आहे आणि तिचे गुडघे गेले आहेत. दिवसातून चारदा एक बाई येते तिला उठवायला, अंघोळ घालायला, जेवण गरम करून द्यायला. झिम्बाब्वेची आहे. गाते छान. तिला मी गुलाम म्हटलं तर तो तिचाच अपमान होईल. ती पगार घेते, आमच्या चुका तोंडावर सांगते, आणि रविवारी दुपारी येत नाही म्हणजे नाही. पण तिचं या देशात राहणं तिच्या एजन्सीला बांधलेलं आहे. एजन्सीशी वाजलं तर नवी नोकरी शोधायला दिवस मोजके, आणि म्हणून ती एजन्सीशी कधी वाजवत नाही. मी अशा व्हिसाच्या विरोधात तीन ठिकाणी भाषणं दिली. त्या तिन्ही दिवशी आईला तिनेच उठवलं. तिचं आडनाव मला आईने सांगितलं. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आडनाव काय, गाव कोणतं, घरी कोण कोण. आपली माणसं विचारतात तसं. मी ऐकून लाजायचे, की काय हे आईचं गावठी कुतूहल. आता वाटतं, त्या विद्वान पूर्वजाच्या घरात एकाने तरी येसीला हे विचारलं होतं का? ती कुठली, तिला कोणापासून तोडून आणली, तिला मुलं झाली का आणि ती कोणाची, यातलं कागद काही सांगत नाही. असली तर कदाचित आपणच त्यातले असू. कुलवृत्तांतात तसल्या रेघा काढत नाहीत.

दादाचा निरोप, त्याने सुचवलेल्या शब्दांसकट, मी आईला वाचून दाखवला. ती बाई तेव्हा आईच्या पायांना तेल लावत होती. "आश्रित स्त्री" ऐकून आई हसली. "कोण आश्रित?" ती म्हणाली. "ही सकाळी आली नाही तर मी बिछान्यातून उठत नाही. आश्रित मी आहे. त्या पंडितांना स्वतःचं पाणी तरी भरता येत होतं का? मग आश्रित कोण ते त्यांनाच विचारा." आणि मग तेल लावणाऱ्या बाईला इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम टॉकिंग अबाउट माय हजबंड्स फॅमिली. व्हेरी क्लेव्हर पीपल. कुड नॉट फिल अ बकेट." दोघी इतक्या हसल्या की तेल सांडलं. बाबा, मी तीस वर्षं पुस्तकं वाचून जे मांडत आले ते आईने पाय पसरून एका वाक्यात सांगितलं. ज्यांनी गुलाम ठेवले त्या सगळ्या समाजांनी गुलामांना पोसल्याचा आव आणला, आणि सगळे त्यांच्याच हातांवर जगत होते. हात गेले तेव्हा कोणाला काय येत नव्हतं ते कळलं.

मग आई म्हणाली, "त्यांची काचांची पेटी बघितलीस का कधी?" नव्हती बघितली. तुमची शिकवायच्या काचांची ती लाकडी पेटी, खाचाखाचांची, कपाटात वर होती. मला वाटलं नुसत्या काचा असतील. काचा होत्याच. तळाशी घडी घातलेली ती झेरॉक्स होती. पाचव्या ओळीखाली तुम्ही पेन्सिलीने अगदी हलकी रेघ मारलेली. आणि कागदाच्या पाठीवर, तुमच्या अक्षरात, वर मधोमध एकच शब्द: पुरवणी. त्याखाली: येसी. त्याखाली पेनची तीन-चार टिंबं, टेकवून उचललेली. पुढे काही नाही.

किती दिवस तो कागद तुमच्यापुढे होता, मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "बसायचे कधी कधी तो काढून. मी विचारलं नाही. त्यांना घाई केलेली आवडायची नाही." मी ती टिंबं तुमच्याच भिंगाने पाहिली. तुम्ही घाबरला होतात असं मला वाटत नाही. तुम्हाला पहिलं वाक्य सापडत नव्हतं. चूक सांगायला चार जिने उतरून जायचं, तर खाली कोणीतरी बसलेलं हवं. येसीच्या बाबतीत खाली कोण बसलेलं होतं? कोणापुढे जाऊन तुम्ही म्हणणार होतात, माझं चुकलं?

पण कागद तुम्ही फाडला नाहीत. मूळ रिपोर्ट फाडत नाहीत. तुमचं नाव पहिल्या पानावर अचूकतेसाठी आहे ते तसंच राहू दे. ज्या माणसाने पुरवणी हा शब्द लिहून ठेवला त्याला ते शोभतं. आणि ती ब्रिस्टलची बाई आता कुठे असेल, असेल की नसेल, मला कळायला मार्ग नाही. तिला द्यायचं उत्तरही याच पानावर बसवावं लागणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्याची घडी घालून ते काचांच्या पेटीत, तुमच्या कागदाशेजारच्या खाचेत ठेवते. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, कारण डाग आहे ही बातमी आहे. दादाला पाठवायचा मजकूर मी सकाळी एकदा लिहिला होता, आणि त्या पहिल्या खर्ड्यात मी "आश्रित"च लिहिलं होतं. नावाशिवाय. आईचं ते हसणं ऐकूनसुद्धा. मला वाटलं, तुमच्यासाठी तेवढं करावं. मग खोडलं. आता लिहिलंय ते असं, आणि घडी घालायच्या आधी पाठवते:

दादा, पान थांबव. "इत्यादी" काढ. तिथे लिही: कुणबीण एक, नामे येसी, उमर सुमारे पंचवीस, मुलीबरोबर आंदण दिलेली. त्याखाली पुरवणी म्हणून लिही की मागच्या आवृत्तीत ही ओळ बाबांनी गाळली, आणि ती माहीत असून मी गप्प राहिले. खाली सही माझी घाल.